आधी उजेड ठरवा, मग ठिकाण: पर्यटन जाहिरातीच्या लोकेशन शूटची आखणी

पर्यटनाच्या जाहिरातीतला फोटो बघून माणूस रजा टाकतो, तिकिटं काढतो आणि काही महिन्यांनी नेमक्या त्याच जागी उभा राहून मोबाईलवरचा फोटो आणि समोरचं दृश्य ताडून बघतो. साबणाच्या जाहिरातीला इतका कडक परीक्षक लाभत नाही. २०२३ मध्ये इटली आणि फिलिपिन्स या दोन देशांच्या सरकारी पर्यटन मोहिमा इथेच तोंडघशी पडल्या. इटलीच्या व्हिडिओत स्लोव्हेनियात चित्रित झालेलं तयार फुटेज निघालं. फिलिपिन्सच्या व्हिडिओत इंडोनेशिया, थायलंड आणि स्वित्झर्लंडमधली दृश्यं निघाली. देश दाखवायला निघाले आणि दुसऱ्याचाच देश दाखवून बसले.

म्हणजे फोटो खरा हवा. पण जाहिरात आहे, तेव्हा तो देखणाही हवा. या दोन अटी एकत्र पाळायचा मला सापडलेला एकच मार्ग आहे: खरं ठिकाण त्याच्या सगळ्यात चांगल्या तासाला गाठायचं. तो तास कोणता हे आधी शोधायचं आणि गाडी, माणसं, परवानगी, पैसा असं बाकी सगळं त्याच्याभोवती बसवायचं. बहुतेक शूट उलट्या क्रमाने आखली जातात. आधी मॉडेलच्या तारखा मिळतात, मग हॉटेल, मग विमान, आणि उरलेल्या वेळात सूर्याने यावं अशी अपेक्षा असते.

ब्रीफ हातात आल्यावर

ब्रीफमध्ये क्लायंटने काय हवं ते सांगितलेलं असतं. ते वाचून पहिला प्रश्न ठिकाणाचा विचारू नका. ‘हा फोटो कुठे लागणार आहे?’ हे विचारा. होर्डिंग, मासिकाचं पूर्ण पान, वेबसाईटचा आडवा पट्टा, मोबाईलवरची उभी स्टोरी, विमानतळावरची भिंत यांपैकी प्रत्येकाचा आकार वेगळा असतो. ‘सगळीकडेच’ असं उत्तर आलं (हमखास येतं), तर लगेच कागदावर आकडे मांडा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फ्रेम साधारण ६००० × ४००० पिक्सेलची असते. त्या आडव्या फ्रेममधून ९:१६ ची उभी पट्टी कापली की हातात २२५० × ४००० पिक्सेल, म्हणजे फक्त ९ मेगापिक्सेल उरतात. मोबाईलला ते पुष्कळ झाले. पण ए३ आकाराचं पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर ४९६१ × ३५०८ पिक्सेल लागतात, आणि तिथे ही पट्टी कमी पडते. ‘आडवं काढू, उभं त्यातून कापून घेऊ’ हे वाक्य बैठकीत फार सोपं वाटतं. महत्त्वाची फ्रेम असेल तर आडवी आणि उभी दोन्ही वेगवेगळ्या काढायच्या, आणि तेवढा वेळ वेळापत्रकात धरायचा. होर्डिंगची धास्ती मात्र उगाच घेतली जाते. ते लांबून बघितलं जातं, त्यामुळे छपाईची घनता कमी असली तरी चालतं.

दुसरा प्रश्न मजकुराचा. ओळ कुठे बसणार, लोगो कोणत्या कोपऱ्यात येणार? आर्ट डायरेक्टरकडून कच्चा लेआउट मागून घ्या, पेन्सिलने काढलेला असला तरी चालेल. मी तो पारदर्शक कागदावर उतरवून लॅपटॉपच्या पडद्यावर धरतो. शूटच्या जागीच कळतं की मॉडेलचं डोकं नेमकं ओळीच्या जागी येतंय. आकाशाची किंवा पाण्याची मोकळी जागा ठेवलेली फ्रेम कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर जरा रिकामी वाटते. वाटू द्या, ती मजकुराची जागा आहे. शिवाय छपाईत कडेचे तीन-चार मिलिमीटर कापले जातात, तेव्हा महत्त्वाची गोष्ट अगदी काठाला नको.

तिसरा प्रश्न ऋतूचा, आणि इथे सगळ्यात जास्त घोडं अडतं. बर्फाचा हंगाम विकायचा असेल तर जाहिरात बर्फ पडायच्या कितीतरी आधी बाहेर पडायला हवी, म्हणजे फोटो मागच्या हंगामातच निघालेले हवेत. ब्रीफ येतो तेव्हा तो हंगाम संपलेला असतो. हे क्लायंटला पहिल्याच बैठकीत सांगितलं पाहिजे. दोनच मार्ग उरतात: मोहीम पुढे ढकलायची किंवा आत्ता जो ऋतू आहे तोच विकायचा. हिरवळ संगणकावर रंगवायची हा तिसरा मार्ग कुणीतरी सुचवेलच. तिथे जाणारा पर्यटक ती हिरवळ शोधत फिरणार आहे, एवढं त्यांना शांतपणे सांगायचं.

शॉट लिस्ट

एजन्सी मोहिमेचा भाव सांगायला नमुन्याचे फोटो जमवून पाठवते, तो मूड बोर्ड. मूड बोर्ड म्हणजे इतर फोटोग्राफरच्या नशिबाचं कात्रणसंग्रहालय. धुकं, सोनेरी किरण, उडता पक्षी हे सगळं एका फ्रेममध्ये मिळायला कुणी चार वर्षं तिथे जात असेल. त्यातला भाव घ्या, फ्रेम घेऊ नका.

यादीचे दोन भाग करा. एक, मोहिमेचा चेहरा होणारे हिरो शॉट. दोन, त्यांना आधार देणारे: हात, पाय, दारं, ताटं, वाटा, खिडक्या, पावलांचे ठसे. चांगला उजेड दिवसातून दोनदा मिळतो, त्यामुळे दिवसाला दोन हिरो शॉट धरणं शहाणपणाचं. फारच जवळजवळची ठिकाणं असतील तर तीन. क्लायंट पाच दिवसांत २० हिरो शॉट मागत असेल तर तुमचा हिशेब सूर्याच्या हिशेबाशी जुळत नाही हे त्याला याच टप्प्यावर दाखवा. शूटच्या तिसऱ्या दिवशी दाखवलं तर त्याला सबब म्हणतात.

प्रत्येक शॉटपुढे एक रकाना माझ्या यादीत नेहमी असतो: ‘पर्यटकाला हे दिसेल का?’ खाजगी गच्चीवरून, बंद दरवाजापलीकडून किंवा ड्रोनमधूनच दिसणारं दृश्य मुख्य फोटो म्हणून मी टाळतो. आधाराला चालेल.

उजेडाचं गणित

‘गोल्डन अवर’ या नावात अवर आहे, म्हणून तो तासभर असतो असं समजून वेळापत्रक केलं जातं. खरं तर सूर्य क्षितिजाच्या वर साधारण ६ अंशांपासून खाली ४ अंशांपर्यंत असताना तो उबदार उजेड मिळतो, आणि त्यानंतर ४ ते ६ अंश खाली असताना निळा. हे किती वेळ टिकेल हे अक्षांशावर अवलंबून असतं. विषुववृत्तावर, विषुवदिनाच्या सुमारास सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तासाला १५ अंश. ६ अंशांवरचा सूर्य २४ मिनिटांत बुडतो. ६० अंश अक्षांशावर त्याच दिवशी तो तिरका घसरतो आणि तेवढंच अंतर कापायला त्याला दुप्पट, साधारण ४८ मिनिटं लागतात. म्हणजे उत्तरेकडच्या एखाद्या देशात जमलेलं वेळापत्रक उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर जसंच्या तसं नेलं, तर मॉडेलचे कपडे बदलेपर्यंत अंधार पडतो.

दिशेचंही तसंच. सूर्य रोज त्याच जागी उगवत-मावळत नाही. २० अंश अक्षांशावर वर्षभरात त्याचा मावळतीचा बिंदू क्षितिजावर साधारण ५० अंशांच्या पट्ट्यात सरकतो. ५० अंश अक्षांशावर हा पट्टा ७६ अंशांच्या आसपास जातो. दोन सुळक्यांच्या बरोबर मधून बुडणारा सूर्य मूड बोर्डवर असेल, तर तो वर्षातून दोनदा, मोजक्या दिवसांपुरताच तिथे येतो. फोटोपिल्स, सन सीकर अशी ॲप कोणत्याही तारखेला सूर्य कुठे असेल हे नकाशावर रेघ काढून दाखवतात. तारीख ठरवायच्या आधी ती रेघ बघा.

ॲप एक गोष्ट मात्र सहज लपवतं, ती म्हणजे समोरचा डोंगर. तक्त्यातली सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजासाठी असते. पश्चिमेला टेकडी किंवा इमारत असेल तर तुमचा सूर्यास्त लवकर होतो. हे मोजायला उपकरण लागत नाही. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश आकाश झाकते. मुठीची खालची कड क्षितिजाच्या पातळीला ठेवा. टेकडीचा माथा मुठीच्या वरच्या कडेला आला, तर सूर्य तक्त्यापेक्षा किमान ४० मिनिटं आधी टेकडीमागे जाणार. म्हणजे सोनेरी उजेड त्या जागी मिळणारच नाही. मी एकदा एका दरीतल्या तळ्यावर अख्ख्या युनिटसह संध्याकाळची वाट बघत बसलो होतो. तक्त्यात सूर्यास्त ६:५० चा. ५:५५ ला तळ्यावर सावली पडली आणि पाण्याचा रंग शिशासारखा झाला. तेच तळं सकाळी पूर्वेच्या मोकळ्या बाजूने उजळून निघत होतं. आदल्या दिवशी कुणी मूठ धरून बघितली असती तर कळलं असतं. तो ‘कुणी’ म्हणजे मीच.

दुपारचं ऊन वाईट हाही अर्धवट नियम आहे. उथळ, नितळ पाण्याचा तो निळा-हिरवा रंग सूर्य उंच असतानाच खुलतो, कारण किरण तळापर्यंत पोचतात. सकाळच्या तिरप्या उन्हात तेच पाणी नुसतं चकाकतं. लेन्सवर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावला तर पृष्ठभागावरची चमक आणखी कमी होते. मात्र आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त असतो, आणि फार रुंद लेन्सवर लावला तर आकाशात मध्येच गडद डाग पडल्यासारखा पट्टा येतो. धबधबे आणि जंगल ढगाळ दिवशी काढा. ऊन पडलं की पानांवर पांढरे ठिपके आणि मुळांपाशी काळोख, दोन्ही एकाच फ्रेममध्ये सांभाळता येत नाहीत. अरुंद गल्ल्यांत दुपारी समोरच्या भिंतीवरून परतणारा उजेड मऊ असतो, तिथे माणसांचे फोटो छान येतात. हे सगळं यादीत शॉटपुढे लिहा, म्हणजे ढग आले तर काय काढायचं हे शोधत बसावं लागत नाही.

समुद्रकिनारा असेल तर सूर्याच्या तक्त्याशेजारी भरती-ओहोटीचा तक्ता ठेवा. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सूर्योदयाला ओहोटी असेल आणि ओल्या वाळूवर आकाशाचं सुंदर प्रतिबिंब पडत असेल, तर आठवड्याने त्याच वेळी तिथे भरती असेल. पुन्हा तो योग साधारण दोन आठवड्यांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त आत जातं आणि जास्त बाहेर येतं, तेव्हा खडकांवर माणसं उभी करताना परतीची वाट आधी बघून ठेवा.

रेकी

रेकी, म्हणजे शूटआधीची जागेची पाहणी, त्याच तासाला करा ज्या तासाला शूट आहे. सकाळी सहाच्या फ्रेमची रेकी दुपारी जेवण करून केली तर तुम्ही ठिकाण बघून आलात, उजेड बघितलाच नाही.

माझी पद्धत अशी. फ्रेम सापडली की मोबाईलवर एक फोटो काढतो, होकायंत्राची दिशा आणि कोणती लेन्स लागेल ते लिहितो, पायाजवळची खूण टिपतो: खांब, पायरी, दगड. मग जागचा न हलता पाठमोरा वळून मागचाही फोटो काढतो. मागे गाडी उभी करायला जागा आहे का, रिफ्लेक्टर धरणारा कुठे उभा राहील, कॅमेऱ्याच्या मागे दहा माणसं मावतील की तिथे सरळ कडा आहे, हे सगळं त्या दुसऱ्या फोटोत असतं. कार्यालयात बसून आखणी करताना पहिल्यापेक्षा तोच जास्त वेळा उघडला जातो.

बघायच्या गोष्टी: विजेच्या तारा, कचरापेट्या, सूचनांचे फलक, निऑन पाट्या, सीसीटीव्हीचे खांब. काय हलवता येईल, काय कोनाने लपेल, काय रिटचिंगमध्ये (संगणकावरच्या डागडुजीत) जाईल हे तिथेच लिहा. तार पुसणं रास्त आहे. शेजारची अख्खी इमारत पुसणं ही फसवणूक, असा माझा आपला दंडक आहे.

नंतर माणसांशी बोला. तिथला झाडू मारणारा, पहारेकरी, पार्किंगवाला, नावाडी यांना जे माहीत असतं ते कुठल्याही ॲपला नसतं. गर्दी किती वाजता वाढते, सहलीच्या बस कोणत्या वारी येतात, कारंजं कधी बंद असतं, धुकं किती वाजता उठतं. आणि एक प्रश्न न चुकता: ‘येत्या महिन्यात इथे काही काम निघणार आहे का?’ एका जुन्या वास्तूची रेकी आम्ही अगदी मन लावून केली होती. महिन्याने शूटला पोचलो तेव्हा दर्शनी भिंतीवर खालपासून वरपर्यंत परांची बांधलेली. दुरुस्तीचं काम आधीपासून ठरलेलं होतं, दारावरच्या पहारेकऱ्याला ठाऊकही होतं. आम्ही फक्त त्याला विचारलं नव्हतं. तेव्हापासून शूटच्या आदल्या दिवशी तिथल्या कुणाकडून तरी ताजा फोटो मागवतो.

स्वच्छतागृह किती लांब, मोबाईलला रेंज येते का, जवळचं रुग्णालय कुठलं, हे चार ओळींत उरकतं. पण लिहिलेलं असू द्या.

परवानग्या

सार्वजनिक जागा म्हणजे मोकळं रान नव्हे. हौशी पर्यटकाला जिथे कुणी हटकत नाही, तिथे ट्रायपॉड उघडला की पहारेकरी येतो, कारण अनेक ठिकाणी ट्रायपॉड हीच व्यावसायिक कामाची खूण मानली जाते. जागेचा मालक कोण हे आधी शोधा: नगरपालिका, वनखातं, पुरातत्त्व विभाग, बंदर, देवस्थान, खाजगी संस्था. एकाच फ्रेममध्ये दोन मालक असू शकतात, उभे राहायची जागा एकाची आणि समोरचं दृश्य दुसऱ्याचं. परवानगी लेखी घ्या आणि तिच्यात तारीख, तास, माणसांची संख्या, सामान आणि जाहिरातीसाठी वापर हे पाचही उल्लेख आहेत का ते वाचा. फक्त ‘छायाचित्रणास हरकत नाही’ एवढ्याने जाहिरातीचं काम भागत नाही. राखीव दिवसाची तारीखही त्याच अर्जात टाका. नाहीतर पावसाने शूट एक दिवस पुढे गेलं की कागद निरुपयोगी होतो.

फोटो काढायची परवानगी आणि तो जाहिरातीत वापरायचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. याचं गाजलेलं उदाहरण पॅरिसच्या आयफेल टॉवरचं. टॉवरच्या रचनेवरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला, त्यामुळे दिवसाचा फोटो वापरायला अडचण नाही. पण रात्रीची रोषणाई ही स्वतंत्र कलाकृती धरली जाते आणि तिचा व्यावसायिक वापर करायला परवानगी घ्यावी लागते. भित्तिचित्रं, शिल्पं, आधुनिक इमारती, दुकानांचे लोगो यांचंही तसंच बघावं. कायदा देशागणिक बदलतो. शंका आली की वकिलाला विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत त्या भिंतीसमोरचा शॉट आधाराच्या यादीत ठेवायचा.

ड्रोनसाठी परवाना, नोंदणी आणि विमा हे काम सगळ्यात आधी सुरू करा, कारण तेच सगळ्यात उशिरा मिळतं. अनेक देशांत उंचीची मर्यादा जमिनीपासून साधारण १२० मीटर आहे. काही जागा सरसकट बंद आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन उडवायला मनाई आहे.

आणखी एक परवानगी कुणी मागत नाही, ती आपणच आपल्याला द्यायची की नाही हे ठरवायचं असतं: ही जागा गर्दी सोसेल का? थायलंडमधला माया बे हा छोटासा समुद्रकिनारा एका चित्रपटामुळे जगभर पोचला. तिथे इतकी माणसं लोटली की २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. प्रवाळ आणि किनारा सावरल्यावर २०२२ मध्ये तो पुन्हा उघडला, तेही मोजक्या लोकांसाठी. नाजूक जागा असेल तर क्लायंटला पर्याय सुचवा. प्रजननाच्या काळात पक्ष्यांच्या घरट्याजवळ जायचं नाही, प्राण्यांना आमिष दाखवायचं नाही, कुरणावर नवी पायवाट पाडायची नाही.

फ्रेममधली माणसं

ओळखू येईल असा प्रत्येक चेहरा म्हणजे एक सही केलेला मॉडेल रिलीज (फोटो वापरायला त्या माणसाची लेखी संमती), आणि अल्पवयीन असेल तर पालकाची सही. कागद त्या माणसाला वाचता येणाऱ्या भाषेत हवा. सही फोटो काढल्यानंतर लगेच, तिथल्या तिथे घ्या. महिन्याभराने त्या बोटवाल्याला शोधत फिरणं कुणाला जमलंय? माझा सहायक रिलीजचा कागद हातात धरलेल्या माणसाचा एक फोटो काढून ठेवतो. पुढे ‘हा कागद नक्की कुणाचा’ हा घोळ होत नाही.

स्थानिक माणसांना घेणार असाल तर मोबदला आधी ठरवा आणि आधी सांगा. त्यांचा फोटो होर्डिंगवर लागणार आहे हे स्पष्ट शब्दांत सांगा. ‘फोटो काढू का’ याला ‘हो’ म्हणणाऱ्याने होर्डिंगला ‘हो’ म्हटलेलं नसतं. आणि त्यांना त्यांचंच काम करू द्या. जाळं विणणाऱ्या बाईला हसून कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं की हात थांबतात आणि फोटो मरतो.

मॉडेल निवडताना वय, बांधा, जोडीदार, कुटुंब यांत खऱ्या पर्यटकांसारखं वैविध्य ठेवा. कपड्यांचे रंग रेकीच्या फोटोवर ठेवून ठरवा. हिरव्या डोंगरात हिरवा सदरा म्हणजे नुसतं तरंगणारं डोकं.

पैसा आणि पाऊस

अंदाजपत्रकात १० टक्के रक्कम अनपेक्षित खर्चाला बाजूला ठेवा आणि साधारण तीन-चार शूटच्या दिवसांमागे एक राखीव दिवस धरा. हवामानामुळे दिवस वाया गेला तर कुणाचं मानधन किती टक्के द्यायचं, निर्णय किती वाजेपर्यंत आणि कोण घेणार, हे करारात असू द्या. पहाटे चारला पावसात उभं राहून क्लायंटशी पैशांचं बोलणं करण्यासारखी शिक्षा नाही. दहा दिवस आधीचा हवामान अंदाज बघून कुणालाही वचन देऊ नका. शेवटच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज कामाचा असतो.

सामान

दोन कॅमेरे, कारण एक बंद पडतो. बाकी लेन्स तुमच्या आवडीच्या.

विमानाने जात असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात, चेक-इन सामानात टाकता येत नाहीत. १०० वॉट-अवरपर्यंतच्या (वॉट-अवर हे बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप) बॅटऱ्यांना सहसा अडचण येत नाही. १०० ते १६० च्या मधल्यांना विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्या सुट्या दोनच नेता येतात. मोठ्या दिव्यांच्या बऱ्याच बॅटऱ्या ९८ किंवा ९९ वॉट-अवरच्या का असतात, त्याचं उत्तर हेच. परदेशी शूटला सामानावर सीमाशुल्क भरावं लागू नये म्हणून एटीए कार्ने हा सामान तात्पुरतं नेण्याचा सीमाशुल्काचा कागद काढतात. ते एक वर्ष चालतं आणि त्यातल्या यादीत प्रत्येक वस्तू अनुक्रमांकासह लिहावी लागते. परत येताना त्यातली एक लेन्स कमी भरली तरी प्रश्न सुरू होतात.

कॉल शीट उलटी लिहा

कॉल शीट म्हणजे शूटच्या दिवशी कुणी कधी कुठे असावं याचं पत्रक. ते शेवटच्या वेळेपासून मागे मागे लिहा. सूर्योदय ६:२० चा आहे असं धरू. पहिला चांगला रंग त्याआधी वीस-पंचवीस मिनिटं येतो, म्हणून ५:४० ला कॅमेरा ट्रायपॉडवर आणि मॉडेल जागेवर हवी. मांडामांडीला २० मिनिटं, म्हणजे ५:२० ला जागेवर. पार्किंगपासून सामान घेऊन अंधारात २५ मिनिटांची चाल, म्हणजे ४:५५ ला पायथ्याशी चालायला सुरुवात. गाडीतून सामान उतरवायला १० मिनिटं, ४:४५. रस्ता ४० मिनिटांचा, ४:०५. त्यात कुणीतरी काहीतरी विसरणार, त्याचे १५: ३:५०. मेकअप आणि केसांना पाऊण तास, ३:०५. म्हणजे मॉडेल पावणेतीनला उठली पाहिजे.

हा हिशेब मांडला की लगेच कळतं की हीच माणसं संध्याकाळी सातपर्यंत टिकणार नाहीत. सोळा तासांचा दिवस झाला. म्हणून सूर्योदयाला एक जोडी आणि सूर्यास्ताला दुसरी, किंवा एका दिवशी फक्त पहाट आणि दुसऱ्या दिवशी फक्त संध्याकाळ. दुपारी झोप हा वेळापत्रकातला अधिकृत टप्पा समजा. आणि पहाटे तीनला कुठल्याही हॉटेलचं स्वयंपाकघर उघडं नसतं, तेव्हा गरम पाण्याचे थर्मास आणि खाण्याचे डबे रात्रीच गाडीत. उपाशी युनिट सहाच्या सुमाराला एकमेकांवर खेकसायला लागतं आणि मॉडेलच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

कॉल शीट एका पानाची ठेवा. वर सूर्योदय, सूर्यास्त, भरती-ओहोटी. मग वेळा, गाडी क्रमांक, कोण कोणत्या गाडीत, संपर्क, रुग्णालय, परवानगीचा क्रमांक. खाली ‘ढग आले तर’ असा चौकोन आणि त्यात पर्यायी शॉट. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना पाठवा. रेंज नसणाऱ्या जागेसाठी छापील प्रती घ्या.

शूटच्या दिवशी

पहिला शॉट सोपा ठेवा. युनिटचा हात बसतो, क्लायंटचा जीव भांड्यात पडतो. हिरो फ्रेम मिळाली की लगेच जागा सोडू नका. कॅमेरा आडव्याचा उभा करून तीच फ्रेम पुन्हा काढा, मग माणसं बाजूला करून रिकामी फ्रेम घ्या. पुढे ओळ बदलली, मॉडेलचा करार संपला किंवा शेजारून जाणारा माणूस पुसायचा झाला, तर ती रिकामी फ्रेम उपयोगी येते.

सूर्य बुडाल्यावर आवराआवर करायची घाई सगळ्यांनाच असते. पंधरा-वीस मिनिटं थांबा. शहरात दिवे लागलेले असतात आणि आकाश अजून काळं झालेलं नसतं, दोन्हींचा उजेड जुळून येतो तो क्षण तेवढाच. पूर्ण अंधारात तेच दिवे नुसती पांढरी भोकं पाडतात.

रात्री झोपण्याआधी तीन प्रती. ४५ मेगापिक्सेलची एक रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) फाईल साधारण ५० एमबीची धरली तर १,५०० फ्रेमचे ७५ जीबी होतात, आणि हॉटेलच्या इंटरनेटवरून ते रातोरात वर चढणार नाहीत. म्हणून दोन डिस्क, दोन वेगळ्या माणसांच्या खोल्यांत, आणि कार्डं तिसरी प्रत म्हणून तशीच. दोन्ही डिस्कवरच्या फाईली उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. एका बॅगेत कॅमेरा, कार्डं आणि दोन्ही डिस्क ठेवून ती बॅग गाडीच्या डिकीत टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

परत आल्यावर

निवड करताना प्रत्येक फाईलमध्ये ठिकाणाचं नेमकं नाव, दिशा, तारीख आणि वेळ भरा. स्लोव्हेनिया इटलीत शिरतो तो या रकान्यांच्या अभावीच. रिटचिंग करणाऱ्याला लेखी सूचना द्या: काय पुसायचं, कशाला हात लावायचा नाही. समुद्राचा रंग, डोंगराची उंची आणि पुतळ्याशेजारची जागा या तीन गोष्टींना हात नाही, असं मी ठळक अक्षरात लिहितो.

शेवटी एक साधा तक्ता. फोटोचा क्रमांक, त्यातली माणसं, रिलीज कुठल्या फाईलमध्ये, जागेची परवानगी कशासाठी, कोणत्या माध्यमांत, कोणत्या देशांत आणि कधीपर्यंत वापरायची मुभा. शेवटच्या रकान्यातली तारीख एजन्सीच्या आणि तुमच्या अशा दोन्ही कॅलेंडरांत महिनाभर आधीच्या आठवणीसह टाका. दोन वर्षांनी एजन्सीतली माणसं बदललेली असतात. मुदत संपलेला फोटो तरीही कुठल्याशा विमानतळाच्या भिंतीवर लटकत असतो, आणि नोटीस यायच्या आधी तो खाली उतरवायला कुणाला फोन करायचा हे त्या तक्त्यातच सापडतं.